औशाच्या जीपवरचा नकाशा

आमच्या घरात महाराष्ट्र दिवसातून आठ-दहा वेळा कापला जायचा. कधी पिवळा, कधी लाल, कधी ताटासारखा चकाकणारा. माजघरात लाकडी पाट, पाटावर रेडियमचा तुकडा आणि त्यावर अण्णांचा हात, हे चित्र सकाळपासून जेवणापर्यंत हलत नसे. अण्णा म्हणजे माझे वडील. ते मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीमागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी ब्रशनं केलं होतं. मग लातुरात रेडियम आलं. पाठीला कागद लावलेलं, कापायचं, कागद सोलायचा आणि गाडीवर डकवायचं. पुढं तर गाडीवर चिकटणाऱ्या कुठल्याही वस्तूला लोक रेडियमच म्हणू लागले. अण्णांनी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन एका डब्यात उभे केले आणि हातात ब्लेड घेतलं. दुकान गंजगोलाईहून फुटणाऱ्या एका रस्त्यावर होतं, त्याच्या मागं घर, मध्ये एक पडदा. पाटीवर लिहिलेलं होतं ‘सुमन रेडियम आर्ट’. सुमन म्हणजे मी. अण्णा मोठं काम केलं की कोपऱ्यात बारीक अक्षरात तेवढंच नाव टाकायचे, त्यामुळे माझं नाव मी कधी न पाहिलेल्या गावांतून फिरत होतं आणि मी मात्र लातूर आणि आमचं मूळ गाव लोहा सोडून कुठं गेले नव्हते.

घराच्या मागं डाळ मिल होती. तिची घरघर सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. तुरीचं भुसकट हवेत उडत राहायचं, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचं, आणि रेडियमच्या चिकट बाजूला एक कण जरी लागला तरी काम वाया. म्हणून माय पडदा ओला करून टांगायची. माझं अंगही त्या दिवसांत सारखं तसंच, कशाला तरी चिकटल्यासारखं आणि सुटण्यासाठी धडपडणारं. बारावी झाली होती. एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं. झाडलेलं पुन्हा झाडायची, भरलेली कळशी ओतून पुन्हा भरायची. माय म्हणायची, पोरीच्या पायाला भिंगरी लागली. आणि पाटावर बसले की मात्र तासभर मान वर करत नव्हते. अण्णांच्या खालोखाल नकाशा कापावा तर मीच, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक झालं होतं.

लोक नकाशा का लावून घेतात याचा मी तेव्हाही विचार करायची. फौजेतून सुट्टीवर आलेला माणूस भारताचा नकाशा मागायचा. ट्रकवाल्यांना महाराष्ट्र हवा असायचा, कारण त्यांना परमुलखात ओळख सांगायची असायची. नवी मोटारसायकल घेतलेला पोरगा म्हणायचा नुसता मराठवाडा काढा. पण सगळ्यांना एक गोष्ट लागायचीच, ती म्हणजे ठिपका. नकाशा डकवला की अण्णा विचारायचे, गाव कुठलं. मग माणूस बोट ठेवायचा आणि अण्णा तिथं लाल रेडियमचा गोल ठिपका लावून द्यायचे. त्याचं वेगळं काही घेत नसत. किल्लारीवाला, चाकूरवाला, औशावाला, जो तो आपलं बोट अगदी खात्रीनं ठेवायचा, जणू वरून बघून आलाय. ठिपका बसला की चेहरा असा खुलायचा की बस. इतक्या वर्षांत बाईमाणूस मात्र नकाशा मागायला कधी आलं नाही. एकदा मी मायला गमतीनं विचारलं होतं, तुझा ठिपका कुठं लावू? ती भाकरी थापत होती. म्हणाली, “कोनतं गाव धरू? माहेर धरू का हे?” आणि तव्यावर भाकरी टाकली.

आता कापायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा नकाशाचा फर्मा एक्सरेच्या फिल्मचा होता. लोह्याच्या काकांच्या छातीचा जुना एक्सरे, त्यातून अण्णांनी महाराष्ट्र कापून घेतला होता. उजेडात धरला की विदर्भापाशी काकांच्या बरगड्या दिसायच्या. रेडियमच्या रंगीत तोंडावर पेनानं ओढलं तर डाग राहतात, म्हणून फर्मा ठेवायचा मागच्या कागदावर आणि आखायचंही तिथंच. मागून आखायचं म्हणजे फर्मा उलटा ठेवायला हवा, तरच पुढून नकाशा सुलटा येतो. सरळ ठेवलात तर पुढून मुंबई उजव्या हाताला आणि नागपूर डाव्या हाताला. फिल्म दोन्हीकडून सारखीच काळी, चूक व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अण्णांनी फर्म्याच्या एका बाजूला मायच्या नेलपॉलिशचं लाल टिपूस लावून ठेवलं होतं. लाल वर दिसलं की थांबायचं. हल्ली हे सगळं मशीन करतं. मागच्या वर्षी लातुरात गेले तेव्हा एका दुकानात पोरानं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात नकाशा कापून बाहेर आला, गावाच्या नावासकट. मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला, का ते सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात मला बघायला औशाहून पाहुणे येऊन गेले होते. काशिनाथराव नावाचे गृहस्थ, औशाच्या बाजारात आडत, गावाकडं शेती, आणि एकुलता मुलगा प्रकाश. मुलगी पसंत आहे असा निरोप आला. माय आनंदानं बेजार झाली. त्याच आठवड्यात मला दुसरीही एक गोष्ट आली होती, पोस्टानं. शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी माझा फॉर्म भरला होता, आणि नांदेडच्या एका कॉलेजात चित्रकला शिक्षकाच्या दोन वर्षांच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं. मी पत्र घेऊन आधी मायकडं गेले. तिनं ते वाचायलाही घेतलं नाही. म्हणाली, आता पाहुणे येऊन राहिले, असलं काही अण्णांच्या कानावर घालू नको, त्यांच्या जिवाला घोर. मी पत्र रेडियमच्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत सरकवून ठेवलं आणि अण्णांना काही सांगितलं नाही. मला वाटायचं, ते नाहीच म्हणणार. हे वाटणं मी कुठून आणलं होतं, देव जाणे.

काशिनाथरावांनी नवी जीप घेतली होती. त्यांनी हौसेनं अण्णांना सांगितलं, मागच्या काचेखाली हातभर मोठा महाराष्ट्र पाहिजे, आणि तो तुमच्याच घरचा. अण्णांचा ऊर भरून आला. पण नेमकं लोह्याला त्यांच्या चुलत्याचा दहावा निघाला आणि ते चार दिवसांसाठी गेले. जाताना म्हणाले, तू कापून ठेव, मी आलो की लावीन. लहान फर्मा इथं चालणार नव्हता. मी चौकटी आखून जुने दोन एक्सरे जोडून मोठा फर्मा केला. छान जमला होता. पण नव्या फर्म्याला लाल टिपूस कुठून असणार? मी कापत होते आणि डोक्यात नांदेड होतं. हजर राहायची तारीख, वसतिगृह, गोदावरी, तिथल्या मुली कशा बोलत असतील, हे सगळं. ब्लेड आपोआप चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी काशिनाथराव दारात. जीप लातुरात आणलीच होती, म्हटलं जाता जाता काम उरकून जावं. बरोबर दोन माणसं. मायची धांदल उडाली. तिनं घाईनं सुशीला परतला, मुरमुरे भिजवून वर शेंगदाणे, खोबरं, लिंबू, आणि पाहुण्यांना आत बसवलं. अण्णा नाहीत असं सांगितलं तरी ते म्हणाले, पोरगी लावती की, आमाला कळलंय तिचा हात कसा हाय. मायला ते पटेना. होणारी सून सासऱ्याच्या गाडीपुढं बसून काम करते हे बरं दिसत नाही. पण पाहुणा रिकामा जाणं त्याहून वाईट. तिनं मला पदर घ्यायला लावला आणि बाहेर पाठवलं.

मी जीपचा पत्रा साबणाच्या पाण्यानं ओला केला, नकाशा उचलला आणि तोंडाकडची बाजू माझ्याकडं केली. मुंबई उजवीकडं होती. सगळा कोकण किनारा चुकीच्या हाताला उतरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी नकाशा उलटा कापला होता, तोही या गाडीसाठी. तेवढा पिवळा रोल आता शिल्लक नव्हता. खरं सांगायचं आणि चार दिवसांनी या म्हणायचं, एवढंच करायला हवं होतं. मी तोंड उघडणार तोच काशिनाथराव बशीतला चहा फुंकत बाहेर आले. नकाशाकडं बघितलं. नीट, चांगलं बघितलं. मग विचारलं, “आन् औसं कुठं येतंय?” मी लाल ठिपका त्या जागी धरून दाखवला. आता आमचा भाग नकाशाच्या जवळपास मधोमध, त्यामुळं नकाशा उलटला तरी औसं फार हललं नव्हतं, जरासं कडेला सरकलं होतं इतकंच. त्यांनी मान डोलावली. “लई झ्याक. डकव.” त्यांना औसं सापडलं होतं, बाकी महाराष्ट्र कुठं का असेना. माझ्या अंगात त्या क्षणी जे आलं त्याला मी आजही चांगलं नाव देऊ शकत नाही. राग होता, आणि एक वाईट मजाही होती. मी खालचा कागद सोलला, नकाशा पत्र्यावर ठेवला, रबरानं पाणी काढलं, ठिपका लावला, कोपऱ्यात माझ्या नावाची बारीक पट्टी लावली आणि आत गेले. जीप गेली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला कुणी परत दिले तरी नकोत. अण्णा लोह्याहून आले, पाय धुता धुता विचारलं, नीट बसला का? मी हाव म्हटलं. अण्णांचं नाव लातुरात नकाशासाठी होतं. उमरग्यापासून उदगीरपर्यंतचे लोक मुद्दाम त्यांच्याकडं यायचे. आणि आता त्यांच्या नावावरची चूक औशाच्या बाजारातून दिवसभर फिरत होती, कोपऱ्यात माझं नाव घेऊन. रस्त्यावर जीपचा आवाज आला की मी पडद्याआडून बघायची. कुणीतरी येऊन भांडेल असं वाटायचं. आमटीत दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. मनात मी एक पण धरला होता आणि त्यात स्वतःलाच गुंडाळून घेतलं होतं. त्या घरात, त्या गावात एकालाही तो नकाशा उलटा दिसला नाही, तर अशा आंधळ्या घरात मी जाणार नाही. आणि कुणाला दिसला, तर? तर काय, ते मी ठरवलंच नव्हतं. मला वाटत होतं, दिसणारच नाही. तिकडं नांदेडची तारीख जवळ येत होती. मी नळीतून पत्र काढायची, वाचायची, परत घालायची. आज माझ्या सुनेनं तिच्या मुलीच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा चिकटवलाय, निळा-गुलाबी, ऑनलाइन मागवलेला, आणि जिथं जिथं जाऊन आले तिथं टाचणी लावायची म्हणे. नात मला विचारते, आजी तुझ्या किती टाचण्या? तिला काय सांगू की मला एका टाचणीसाठी पंधरा दिवस धड झोप आली नव्हती.

सुपारी फोडायला पाहुणे रविवारी सकाळी आले, त्याच जीपमधून. प्रकाश चालवत होता. मायनं पुन्हा सुशीला केला होता, शिवाय शिरा. अण्णा धुतलेलं धोतर नेसून रस्त्यापर्यंत सामोरे गेले, राम राम झाले, आणि मंडळींना पुढं घालून ते सहज जीपच्या मागून येऊ लागले. मी पडद्याआड उभी होते. अण्णा थांबले. दोन पावलं मागं गेले. पाहुणे ओसरीवर पोचले तरी ते तिथंच उभे. मग त्यांनी हाक मारली, गरम पाणी आणि ब्लेड आण म्हणून. मी घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जीपच्या मागं उकिडवे बसले आणि धुतलेल्या धोतरातच नकाशा खरवडायला लागले.

काशिनाथराव परत बाहेर आले. काय झालं ते त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा हसले. म्हणाले, राहू द्या हो अण्णा, एवढ्या दिसांत कुणी बोललं न्हाई, कोण बघतंय, आपलं औसं जागेवर हाय ना. अण्णा हात न थांबवता म्हणाले, “मी बघून राहिलो न्हवं.”

तेवढ्यात प्रकाश बोलला. त्या मुलाचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. तो म्हणाला, “मला त्याच दिवशी दिसलं होतं. म्हनलं, व्हणाऱ्या पाहुण्याच्या घरची चूक, आपन कशाला बोभाटा करावा.”

मनात धरलेला पण तिथंच मोडला. त्या घरात बघणारा माणूस होता, आणि समजूतदारही होता. त्याला दोष द्यायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. आता जायचं नसेल तर खरं कारण सांगावं लागणार होतं. मायचे डोळे ओसरीवरून मला गप्प राहा म्हणत होते. मी अण्णांच्या शेजारी खाली बसले.

“अण्णा, चूक माझी हाय. कापताना चुकले. पन लावताना दिसलं होतं मला. तरी लावला.”

ब्लेड थांबलं. “का?”

“यांच्यातल्या कुनाला दिसतंय का, बघायचं होतं. यांना दिसलं. तरी मला लगीन न्हाई करायचं आता. नांदेडला माझं नाव लागलंय. मला शिकायला जायचंय.”

अण्णांनी उरलेला तुकडा खरवडून काढला, पत्रा पुसला, मग उठून आत गेले आणि पाट आणि नवा पिवळा रोल आणून ओसरीवर ठेवला. म्हणाले, काप. मी पाहुण्यांच्या समोर, ओसरीवर बसून नकाशा कापला. किनारा सोपा असतो, हात वाहत जातो. पूर्वेकडचे दाते अवघड, तिथं सावकाश गेले, निभावलं. ताटल्यांत शिरा गार होत होता. अण्णांनी नकाशा स्वतः लावला, ठिपकाही त्यांनीच लावला. माझ्या नावाची पट्टी लावली नाही. मग काशिनाथरावांपुढं हात जोडून म्हणाले, “पोरीचं मन न्हाई. मला ठावं नव्हतं. तुमाला दारात बोलावून हलकं केलं, माफी असावी.” माझे वडील कुणापुढं वाकलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. काशिनाथराव चप्पल घालून जीपमध्ये जाऊन बसले. प्रकाशनं निघण्याआधी मागं येऊन नकाशा एकदा पाहिला, आता बरोबर हाय म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट माझ्याकडं पायानं सरकवावं तसं हातानं सरकवायची. लोह्याहून काकू मुद्दाम येऊन दोन दिवस राहिली आणि ज्वारी निवडता निवडता मला जे ऐकवायचं ते ऐकवून गेली. गल्लीत बाया कुजबुजायच्या. अण्णा मात्र काहीच बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, तेच मला सोसवत नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं काम केलं, आणि तारखेच्या आदल्या दिवशी एवढंच विचारलं की नांदेडची पहिली गाडी किती वाजता असते.

नांदेडला ते माझ्याबरोबर आले. कॉलेजात सही केली, वसतिगृहाच्या बाईंना नमस्कार केला, खोलीतली खिडकी उघडते का ते दोनदा बघितलं. मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. लातूरची गाडी लागलेली होती, पण ते चढेनात. हातातल्या पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, “सुमे, तुला कोन म्हनलं, मी नगं म्हनंल म्हनून?”

मला मायचं नाव घेता आलं असतं. घेतलं नाही. म्हटलं, कुणी न्हाई, मीच धरून चालले.

“मग एक डाव इचारायचं होतंस. मी त्या लोकांना दारात आनलंच नसतं. त्या पोराचा काय गुन्हा होता? आन् माझा?”

मी तीस वर्षं शाळेत फळ्यावर नकाशे काढले, सुलटे, न बघता. वर्गातल्या मुली हुशार होत्या, माझं कौतुक झालं, निरोपसमारंभात शाल मिळाली. पण त्या दोन प्रश्नांचं उत्तर मला अण्णांना देता आलं नाही, तेव्हाही नाही आणि ते होते तोवर कधीच नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी स्टँडवर ते गाडीत चढले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी होते. ते दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते.